वाळल्या खैराला घातलेले पाणी

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, विंध्याच्या दक्षिणेस गवताचे विस्तीर्ण रान पसरले होते आणि त्यात वृक्ष तपस्व्यांसारखे एकमेकांपासून अंतर राखून उभे असत. तेथे आर्जव ऋषी पत्नी सुवर्चेसह राहत. हिरव्या फांदीला हात लावायचा नाही, वाळलेले लाकूडच अग्नीला द्यायचे, हा त्यांच्या आश्रमाचा नेम होता. सुवर्चा सायंकाळी कमंडलूतले उरलेले पाणी अंगणाच्या कडेच्या खैराला घाली. एका शिशिरात ती गेली. काही काळाने खैरही वाळला.

ऋषींनी यज्ञ मांडला. मागणे एकच होते, तिला एकदा पाहावे. रानातले सारे वाळलेले लाकूड आहुतीत गेले, तेव्हा ज्वाळांतून सप्तजिव्ह अग्नी प्रकटला.

"तपोधना, पूर्णाहुतीला तो खैर दे. तो मृत आहे, नेमाप्रमाणे माझाच भाग आहे. तो दिलास की ती क्षणभर तुझ्यापुढे उभी राहील."

ऋषी परशू घेऊन गेले. पहिला घाव पडताच ढोलीतून नीलकंठ पक्षिणीने डोके बाहेर काढले.

"अहो मुनिवर, सावकाश! पिल्लांचा आत्ताच डोळा लागलाय."

"बाई, हे झाड मेलेले आहे."

"मेलेलं? हिरवं होतं तेव्हा कुणाला चोच लागू देत नव्हतं. वाळलं, तेव्हा कुठे सुतारपक्ष्यानं ढोली कोरली नि मला घर मिळालं. मुळाशी घोरपड राहते. सालीतल्या किड्यांवर माझी लेकरं पोसतात. बाकीचं वाळलेलं सगळं तुम्हीच नेलंत, आता आम्ही जायचं कुठं?"

ऋषींनी वळून पाहिले. रान झाडून काढल्यासारखे स्वच्छ होते, आणि निःशब्द. इतके दिवस ती शांतता त्यांना आपल्या दुःखाचीच वाटली होती.

त्यांनी परशू खाली ठेवला. "हुताशना, यज्ञ अपुरा राहू दे."

"आणि सुवर्चा?"

ऋषींनी खैरावर पडलेल्या घावावर हात ठेवला. मग म्हणाले, "तिने पाणी घातलेले झाड तोडून तिच्यापुढे कोणत्या तोंडाने उभा राहू?"

अग्नीच्या ज्वाळा खाली आल्या. "तर ऐक. या रानातला वाळलेला वृक्ष, उभा असो वा आडवा, आजपासून माझा भाग नव्हे. तो पाखरांचा, किड्यांचा आणि शेवटी मातीचा. त्यावर जो परशू उचलील, त्याची आहुती मी घेणार नाही."

अग्नी शांत झाला. सुवर्चा आली नाही. सायंकाळी ऋषींनी कमंडलूतले उरलेले पाणी खैराच्या मुळाशी ओतले. आत पिल्ले कलकलली.

त्या रानात वाळल्या झाडाला अजून कोणी हात लावीत नाही. वैशाखात वाटसरू मात्र त्याच्या बुंध्याशी ओंजळभर पाणी घालतात, आणि ढोलीतून काही ऐकू येते का म्हणून घटकाभर थांबतात.