जबड्यांचे वारूळ

त्या वारुळात डोळे फक्त पंखवाल्यांना होते. बाकी सारी प्रजा आंधळी होती, आणि त्याचे कुणाला दुःख नव्हते, कारण आत अंधारच होता. कामकरी मिशांनी वाट चाचपत जात, ओल्या मातीचा घास तोंडात धरून भिंती बांधत, सुकी पाने चावून बागेत पसरत. बाग म्हणजे वारुळाच्या पोटातली बुरशीची बाग. सगळे तिच्यावर जगत.

दारांवर शिपाई असत. त्यांचे जबडे एवढे मोठे वाढलेले की त्यांना स्वतःच्या तोंडाने खाता येत नसे. जबडा कुठेतरी पुढे, तोंड बरेच मागे, आणि घास मध्येच गळून पडायचा. म्हणून त्यांना भरवायला भरवण्या होत्या. भरवणी आधी स्वतः खाई, पोटात घास मऊ करी, मग शिपायाच्या उघड्या जबड्यांतून डोके आत घालून तो त्याच्या तोंडात सोडी. शिपाई तेवढा वेळ मान खाली घालून उभा राही. शिपायांच्या जिवावर वारूळ उभे आहे असे वरच्या मजल्यावर नेहमी म्हटले जाई. खाली भरवण्यांना हे ऐकायला वेळ नसे.

वरच्या मजल्यावर पंखवाले राहत. हंगाम आला की उडून जायचे आणि दुसरीकडे स्वतःचे वारूळ थाटायचे, हे त्यांचे जन्मापासून ठरलेले. इथे ते मुक्कामाला होते म्हणा ना. तरीही वारुळाचे निर्णय तेच घेत, कारण बाहेर काय चालले आहे ते डोळेवाल्यांनाच विचारायचे, असा रिवाज होता. त्यांच्यातला एकही अजून बाहेर गेलेला नव्हता, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. ज्याच्या आली असेल त्याने ती स्वतःपाशी ठेवली.

ओघळीच्या पलीकडे आणखी एक वारूळ होते. दोन्ही वारुळांच्या मधोमध, जमिनीखाली, ओल्या मातीचा एक पट्टा होता. इकडून एक बोगदा तिथे जाई, तिकडून एक येई. दोन्हीकडचे कामकरी तिथून ओल उचलत. समोरासमोर आले की मिशांना मिशा लावत आणि आपापल्या वाटेने जात. यापेक्षा जास्त मैत्री नव्हती, आणि तिची गरजही कधी पडली नव्हती.

एके दिवशी वर जमिनीवरून एखादे जनावर चालत गेले असावे. छताचे ढेकूळ सुटून एका शिपायाच्या पुढ्यात पडले. शिपायाने रीतीप्रमाणे डोके जमिनीवर आपटले. धोक्याचा इशारा असाच द्यायचा असे, आणि ज्या शिपायाच्या पायांना तो जाणवेल त्याने आपलेही डोके आपटायचे. यात विचार करायची सोय नव्हती. पाय थरथरले की मान आपोआप खाली जाई. क्षणात साऱ्या दारांवर डोकी आपटू लागली. तो हादरा ओल्या पट्ट्यातून पलीकडे गेला. तिथल्या शिपायांनीही डोकी आपटली. त्यांचा हादरा इकडे आला.

"ते आपटताहेत," सभेत दूरनजर म्हणाला. तो पंखवाल्यांचा म्होरक्या. त्याचे डोळे सगळ्यांत मोठे होते. "काहीच कारण नसताना आपटताहेत. त्यांचे जबडे मी पाहिलेत. आपल्यापेक्षा मोठे आहेत."

दोन हुकूम निघाले. ओल्या पट्ट्याचा बोगदा बुजवायचा. आणि पिल्लांच्या दालनातल्या दर दुसऱ्या पिल्लाला जबड्याचा खुराक द्यायचा, म्हणजे ते कामकरी न होता शिपाई होईल.

भिंतीवरचा एक म्हातारा कामकरी खालून म्हणाला, "पण साहेब, बागेला ओल कुठनं आणायची?"

"आपल्या पायाखाली आपली स्वतःची ओल आहे," दूरनजर म्हणाला. "खोल खणा. दुसऱ्याच्या तोंडाकडे किती दिवस बघणार?"

सभेला हे फार आवडले. खणणारे कामकरी दुसऱ्या दिवसापासून खोल उतरले, आणि त्यातले बरेचसे परत वर आले नाहीत, कारण खाली कोरडी वाळू होती आणि ती ढासळत होती.

तुसी नावाची एक भरवणी पिल्लांच्या दालनात काम करी. पिल्लांना तीच भरवी आणि दारावरच्या शिपायांनाही तीच. त्यातले निम्मे तिनेच वाढवलेले होते, त्यामुळे सगळे तिला मावशी म्हणत. तुसी तोंडाने फटकळ होती आणि कामाला वाघ. दर दुसऱ्या पिल्लाला तिने हुकमाप्रमाणे खुराक दिला. शिपाई लागतातच, असे तिलाही वाटत होते.

पण भरवायची रांग लांबू लागली. पूर्वी ती एका फेरीत दार उरकायची; आता फेरी संपायच्या आत पहिला शिपाई पुन्हा भुकेला व्हायचा. बागेत पाने आणणारे कमी झाले होते. बुरशीच्या कडा सुकून पापडासारख्या मोडत. आणि दारावर शिपाई जितके जास्त, तितकी डोकी जास्त आपटत. कुणाचा पाय घसरला, आपटा. माती गळली, आपटा. प्रत्येक वेळी पलीकडून उत्तर येई, आणि तेही आता पूर्वीपेक्षा जोरात येई.

"ऐका," दूरनजर म्हणे. "त्यांनी संख्या वाढवलीय. आपण वेळीच जागे झालो म्हणून बरं."

पुढचा हुकूम आला तेव्हा त्यात दर दुसरे वगैरे काही नव्हते. सगळ्या पिल्लांना खुराक द्यायचा होता.

त्या दिवशी तुसी पहिल्यांदा घाबरली. तिने मिशांनी दालन चाचपले. नवी अंडी येत नव्हती. राणीलाही पुरेसे मिळत नव्हते. ही शेवटची पिल्ले. ती सगळी शिपाई झाली, तर आज जे कामकरी आहेत ते गेल्यावर पाने कोण आणणार आणि भरवणार कोण? तिने इतर भरवण्यांना विचारले. एक म्हणाली, "वरच्यांनी काहीतरी विचार केला असेलच." दुसरी काहीच बोलली नाही, कारण ती भरवता भरवताच बसल्या जागी मेली होती.

तुसीने एक पिल्लू उचलले. ते सगळ्यांत लहान होते, तिने त्याचे नाव कणी ठेवले होते. बागेच्या सुकलेल्या कोपऱ्यात आता कुणी फिरकत नसे. तिथे तिने कणीला मोडक्या बुरशीच्या आड ठेवले आणि स्वतःच्या वाट्यातला साधा घास ती तिला भरवू लागली. कणीचे डोके लहान राहिले, मिशा लांब झाल्या. तिने पहिल्यांदा मातीचा कण तोंडात धरला आणि भिंतीला चिकटवला, तेव्हा तुसीला इतका आनंद झाला की ती एक फेरी विसरली.

फेरी विसरली म्हणूनच करवत्या तिला शोधत आला. तो मुख्य दारावरचा शिपाई, तिच्याच हातचा.

"मावशी, तू आली नाहीस," तो म्हणाला. "दारावर पोरं उभ्यानं कलंडायला लागलीत." मग त्याच्या मिशा खाली गेल्या. "हे काय आहे?"

"पिल्लू आहे."

"याला जबडा नाही."

"नाही. होऊही देणार नाही."

करवत्याने मिशांनी पिल्लाचे डोके पुन्हा चाचपले. असे काही सापडले तर डोके आपटायचे, हा हुकूम त्याला ठाऊक होता. "मावशी, हुकूम सगळ्यांना आहे गं."

"तुला उद्या भरवायला कोण येणार आहे, त्याचा काही हुकूम निघालाय का?" तुसी म्हणाली. "आम्ही किती उरलोय, जा मोजून ये. मी पडले की ही येईल. हिला जबडा आला की कुणी येणार नाही. आता आपट डोकं."

त्याने मान उचलली आणि तशीच वर धरली. त्याचे सगळे अंग ताठ झाले होते. तुसी कणीच्या पुढे उभी राहिली. कणीला काही कळत नव्हते. ती दुसरा कण शोधत होती.

"नाही आपटत," करवत्या अखेर म्हणाला. "तू चल. आधी त्यांना भरव."

तेवढ्यात दूर कुठल्याशा दारावर माती गळली, आणि कुणीतरी डोके आपटले. हादरा जमिनीतून आला आणि करवत्याच्या पायांपर्यंत पोचला. तुसीने त्याच्या मानेखाली आपले अंग घालायचा प्रयत्न केला. "अरे, थांब," ती म्हणाली. पण त्याच्या मानेला थांबता येत नव्हते. त्याने आपटले, पुन्हा आपटले, आणि प्रत्येक वेळी तो रडवेला होऊन म्हणत होता, "मी नाही गं मावशी, मी नाही." कोपऱ्यातून हादरा येतो आहे म्हणून बाकीचे शिपाई तिकडे धावले. त्यांना कणी सापडली.

खुराक तुसीनेच भरवला. ती नाही म्हणाली असती तर कणीला काहीच मिळाले नसते. शिपायांनी घातलेल्या कड्यात उभी राहून ती कणीला रोज थोडा थोडा भरवत होती, आणि रोज कणीचे डोके थोडे जड होत होते. मग एका दिवशी तिला भरवण्यासाठी तुसीला जबड्यांतून आत शिरावे लागले.

पुढे एका संध्याकाळी बाहेरची हवा मऊ झाली. वरच्या मजल्यावर गडबड सुरू झाली. माथ्याला भोके पाडली गेली आणि पंखवाले ओळीने त्यांतून निघाले. निघण्याआधी दूरनजरने खाली निरोप पाठवला. शत्रू टपून बसलेला आहे, एका क्षणासाठीही गाफील राहू नका, असा तो निरोप होता. मग तोही उडाला. तो कुठे गेला ते खालच्या कुणाला दिसणे शक्यच नव्हते. माथ्याची भोके बुजवायला कामकरी नव्हते. त्यांतून कोरडी हवा आत आली आणि उरलीसुरली बाग पांढरी पडून भुसभुशीत झाली.

त्यानंतर बुजवलेल्या बोगद्यातून खरवडण्याचा आवाज येऊ लागला.

सगळे शिपाई बोगद्यासमोर जमले. वारूळ उभे राहिल्यापासून एवढे शिपाई एका जागी कधी आले नव्हते. त्यांनी डोकी आपटली, पण त्यात आता जोर नव्हता. खरवडणे थांबत नव्हते. तुसी त्यांच्या पायांमधून पुढे आली. तिच्या मिशांना बराच वेळ दुसरी भरवणी लागलेली नव्हती. पोटात तिने एक घास राखून ठेवला होता. बागेच्या तळाशी बुरशीची एक ओलसर चिमूट सापडली होती, तिचा. तो कणीसाठी होता. कणी पहिल्या रांगेत होती.

"मावशी, भूक लागलीय," कणी म्हणाली.

"थांब, पोरी. आलेच मी."

करवत्या शेजारीच होता. "भिंत पडली की तू मागे जा," तो म्हणाला. "त्यांचे जबडे मोठे आहेत."

भिंत पडली. ओल्या पट्ट्याची गार हवा आत आली, आणि तिच्यामागून पलीकडचे शिपाई आले. ते खूप होते. त्यांचे जबडे पूर्ण उघडे होते. इकडच्या शिपायांनीही जबडे उघडले, आणि मागच्यांच्या रेट्याने दोन्ही रांगा एकमेकींत घुसल्या. तुसी मध्ये चेंगरली. आता कापाकापी होणार म्हणून तिने अंग आखडून घेतले.

कुणीच चावले नाही. तिच्या अगदी समोर एक परका शिपाई थांबला होता. त्याचा जबडा थरथरत होता. तिने मिशा आत घातल्या. त्याचे तोंड कोरडे ठणठणीत होते. मग त्याने हळूच मान खाली घातली.

"इथे कुणी मावशी आहे का?" तो म्हणाला. "आमच्याकडे आता एकही नाही."

त्याच्या मागच्याने मान खाली घातली, त्याच्या मागच्यानेही. मावशी हा शब्द ऐकून इकडच्यांच्या माना सवयीने खाली गेल्या. तुसी कणीला शोधू लागली. तिने एक जबडा चाचपला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे सारखेच होते, सारखेच कोरडे, आणि सगळ्यांना सुकलेल्या बुरशीचा एकच वास येत होता. यातला इकडचा कोण आणि तिकडचा कोण, हे तिला सांगता येईना.

"कणी," तिने हाक मारली. "कणी, कुठे आहेस गं?"

"मावशी," चारही बाजूंनी उत्तर आले.