खोलीत अडकलेली नाव

नाव तयार झाली आणि खोलीतून बाहेर निघेना.

तसं दार काही अरुंद नव्हतं. पण दारासमोर दोन हातांवर गोठ्याची भिंत होती. नाव थोडी बाहेर सरकली की तिचं टोक भिंतीला टेकायचं. वळवावी म्हटलं तर मागचं टोक आत अडायचं. खिडकीतून फक्त मांजर जात असे, आणि तेही अंग चोरून.

मी धाकू सुतार, जांभूळखाडीच्या महाराजांच्या वाड्यावर रंधा मारणारा. वाड्यासाठी उत्तरेतून मोठे आरसे आले, ते देवदाराच्या लांब पेट्यांत. पेट्या रिकाम्या झाल्या तेव्हा मी महाराजांकडून त्यांच्या फळ्या मागून घेतल्या. त्यांच्या बोटभर रुंदीच्या पातळ पट्ट्या चिरल्या. साच्यांवर एकेक पट्टी वाकवून शेजारच्या पट्टीला चिकटवली, वरून राळ फासली. खिळा एकही नाही. दोघांनी सहज उचलावी इतकी हलकी नाव झाली.

आयुष्यातली पहिलीच नाव. अंगणात बांधली असती तर येणारेजाणारे माझ्या चुका बघून हसले असते. मी मुळात लाजाळू. म्हणून मागच्या खोलीत दार लावून बांधली. आता अख्खा गाव त्या खोलीत येऊन हसत होता.

मी दाराच्या चौकटीला खोबरेल तेल चोपडलं. नाव आडवी केली, उभी केली, उलटी केली. उलटी करताना मीच तिच्याखाली सापडलो. वहिनीने मला पायाला धरून ओढून काढलं.

"भाऊजी, तुम्ही तरी बाहेर निघालात," ती म्हणाली. "नाव राहू दे आत. भात साठवायला बरी आहे."

माझी ही शेवंतीवहिनी शाकारणी करणाऱ्यांच्या घरची. तिच्या माहेरचे लोक दरवर्षी पावसाआधी गावभरच्या छपरांवर असतात.

हसण्याचा आवाज वाड्यापर्यंत गेला असावा, कारण दुसऱ्या दिवशी महाराज स्वतः आले. त्यांनी नावेवर काठीने टकटक केलं.

"बुंधा कोरला की होडी होते," ते म्हणाले. "पट्ट्या चिकटवल्या की टोपली होते. काय रे, बांधण्याआधी माप घेतलं होतंस ना?"

"घेतलं होतं महाराज. नावेचं."

"आणि बाहेर काढायच्या वाटेचं?"

मी खाली बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

महाराजांना मजा वाटू लागली, आणि त्यांना मजा वाटू लागली की समोरच्याची झोप उडते. ते म्हणाले, "होळीच्या दिवशी ही टोपली खाडीत तरंगताना दिसली पाहिजे. पण भिंतीचा एक चिरा हलता कामा नये. दाराची चौकट निघता कामा नये. नावेची एक पट्टी कापलेली चालणार नाही. नाही जमलं, तर माणसं कुऱ्हाडी घेऊन येतील आणि नाव होळीत जाईल. लाकूड शेवटी आमच्याच पेट्यांचं आहे."

ते गेले. मी नावेत जाऊन बसलो. कोरड्या जमिनीवर ती फार छान स्थिर राहत होती.

"वर्षभराचं काम गेलं, वहिनी."

वहिनी दारात उभी होती. तिने भिंत बघितली, चौकट बघितली, मग मान वर करून बराच वेळ बघत राहिली.

"महाराजांनी काय काय मोजलं? भिंत, चौकट, नाव. एवढंच ना?"

"एवढं पुरे नाही का?"

"तुम्हाला पुरे आहे," ती म्हणाली आणि माहेरी निरोप धाडला.

होळीच्या सकाळी तिचे भाऊ छपरावर चढले. त्यांनी जुनं गवत खाली लोटलं, काथ्याच्या गाठी सोडल्या, बांबू उतरवले. खोलीत लख्ख ऊन आलं. दोन दोर, चार हात, आणि नाव भिंतीवरून अलगद बाहेर. मी खालून "सांभाळा, सांभाळा" एवढंच म्हणत होतो. कामात माझा वाटा तेवढाच.

दुपारी महाराज कुऱ्हाडवाले घेऊन आले. खोली रिकामी. अंगणातून खाडीकडे बघितलं, तर नाव पाण्यावर डुलत होती. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, चौकट हलवून पाहिली, माणूस पाठवून नावेची पट्टी न् पट्टी तपासून घेतली. मग वर बघितलं. वर आभाळ होतं.

"छप्पर मोडलंत! घर मोडून नाव काढली, यात कसली हुशारी?"

वहिनी पदर सावरून पुढे झाली.

"सरकार, मोडलं नाही. शाकारणीला उतरवलंय. संध्याकाळपर्यंत नवं गवत चढेल."

"शाकारणी शिमगा झाल्यावर करतात."

"वाड्यावरच्या पागेचं छप्पर तर कालच उतरलं. माझे वडीलच आहेत त्या कामावर. छप्पर उतरवणं म्हणजे घर मोडणं असेल, तर सरकारांची पागा मोडली म्हणून आधी माझ्या वडिलांना धरा. आणि त्यांना ती मोडायला ज्यांनी सांगितलं, त्यांनाही धरा."

पागेचं काम कोणी सांगितलं होतं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुऱ्हाडवाले आपापल्या पायांकडे बघू लागले. महाराजांच्या मिशा हलल्या. मला वाटलं, आता होळीत नावेबरोबर मीही.

आणि महाराज हसत सुटले. हसता हसता त्यांना गोठ्याच्या भिंतीचा आधार घ्यावा लागला, त्याच त्या भिंतीचा.

त्यांनी हातातलं कडं काढून वहिनीला दिलं. मग माझ्याकडे वळले.

"वाड्यासाठी अशा आणखी नावा बांध. खाडीकाठी तुला मांडव घालून देतो. नुसते खांब आणि वर छप्पर. भिंत एकही नाही, म्हणजे दारही नाही." आणि वहिनीला म्हणाले, "बाई, तरीही हा खांबांत अडकेल. कामाला हात घालण्याआधी याला वाटेचं माप घ्यायला लावत जा."