हौसाचे बारा बुधले

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावामागे मोठं जांभूळबन होतं. त्या बनातल्या फळांचं मद्य करण्यात ठमाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हातारपणी तिची नजर गेली, तेव्हा तिनं ते काम आपल्या सुनेवर, हौसावर सोपवलं.

हौसा हुशार होती, कष्टाळू होती. पण ‘मला हे जमणार नाही’ एवढं काही तिच्या तोंडून कधी निघत नसे.

त्या वर्षी राणीला नदीवरच्या पुलासाठी लाकूड हवं होतं. पाटील निरोप घेऊन आला.

“हौसाबाई, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बन तुटणार. राणीसाहेब म्हणतात, लाकडापेक्षा मोलाचं काही त्यातून निघत असेल, तर पौर्णिमेला दरबारात आणून दाखवा.”

“आणते की,” हौसा म्हणाली.

पौर्णिमेला बारा दिवस होते. रांजणात आंबत ठेवलेल्या जांभळाच्या रसाचा फेस नुकताच बसला होता. हौसानं एरंडाचा पोकळ देठ लावून वरचा रस हलकेच बारा बुधल्यांत उतरवला. तळाचा साका रांजणातच राहू दिला. हवेला जागा उरू नये म्हणून बुधले गळ्यापर्यंत भरले. तोंडाला मातीचं बूच, बुचातून बारीक नळी आणि नळीचं टोक पाण्याच्या वाटीत. आतला वायू बाहेर पडावा, बाहेरची हवा आत शिरू नये. इथवर तिचं काहीच चुकलं नाही.

दहाव्या दिवशीही वाट्यांतून बुडबुडे येतच होते. ठमाईनं एका बुधल्याला कान लावला.

“अजून बोलतंय गं हे. दोन महिने तरी लागतील. मग पुन्हा साक्यावरून काढायचं, गंधकाची धुरी दिलेल्या बुधल्यांत भरायचं, थंड तळघरात ठेवायचं. पार गप्प झालं, की मगच मेण.”

“आत्याबाई, पौर्णिमा परवा आहे.”

“मग राणीकडे मुदत माग.”

“आणि काय सांगू? ठमाईच्या सुनेला जमलं नाही म्हणून?”

हौसानं रस चाखला. तो आंबट होता, जिभेला चरचरत होता. तिनं सहा बुधल्यांत मध ओतला, नळ्या काढल्या आणि तोंडं मेणानं घट्ट बंद केली. उरलेले सहा तसेच ठेवून ती बैलगाडीनं निघाली.

घाट उतरता उतरता ऊन चढलं. मध मिळाल्यानं रस नव्यानं उसळला होता आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. पहिला बुधला फुटला तेव्हा बैल बुजले. राजवाडा येईपर्यंत पाच फुटले होते.

सहावा दरबारात ठेवला. सेवकानं मेणाला सुरी लावली मात्र, बूच छताला जाऊन आदळलं आणि जांभळा फवारा सरदारांच्या पागोट्यांवर पडला. सारा दरबार हसला. हौसाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

राणी मात्र हसली नाही. तळाशी उरलेला गढूळ घोट तिनं चाखला.

“फळ उत्तम आहे. मद्य कच्चं आहे. तुला माहीत होतं?”

उन्हाचं नाव सांगता आलं असतं, घाटाचं सांगता आलं असतं. पण हौसाला ते सांगवेना.

“होतं, राणीसाहेब. दोन महिने हवे होते.”

“मग मागितले का नाहीस?”

“लाज वाटली.”

“पूल दोन महिने थांबला असता,” राणी म्हणाली. “आता तोडणारे बनात पोचलेत. उद्या उजाडताच कुऱ्हाडी लागतील. तोड थांबवायला मी स्वार पाठवते, दोन महिनेही देते, पण घाट चढायला त्याला दुपार होईल. तोवर पडेल ते पडेल.”

दुपारपर्यंत एकेचाळीस झाडं पडली.

हौसा परतली. पडलेल्या झाडांमधून चालत ती घरी गेली आणि उरलेल्या सहा बुधल्यांपाशी बसली. दोन महिने तिनं घाई केली नाही. ठमाईनं सांगितलं तसं सगळं केलं. बुडबुडे थांबले, रस निवळला, मगच मेण लावलं.

मग ते बुधले घेऊन ती पुन्हा दरबारात गेली. राणीनं त्या मद्याचा पेला उजेडात धरला. आरपार दिसत होतं. उरलेलं बन तिनं कायमचं राखलं, आणि पुलाचं लाकूड दुसरीकडून आणवलं.

पडलेली झाडं मात्र पडली ती पडलीच. त्यांच्या जागी हौसानं रोपं लावली. त्यांना फळं धरली तेव्हा तिचे केस पिकले होते.

तात्पर्य: कच्च्या कामावर झाकण लावण्यापेक्षा ‘अजून वेळ हवा’ असं सांगण्यातच शहाणपण असतं.