थोरलीचं पाणी

लोखंड माणसाला नवखं होतं त्या काळची गोष्ट. भागाबाई लोहारणीने दोन सुऱ्या केल्या. थोरली घणाने ठोकून घडवली, धाकटी पट्टी कापून, घासून.

“एक तरी घाव खाल्लास का गं?” थोरली येताजाता हिणवायची. धाकटी मान खाली घालायची.

मग भागाबाईने दोघींना लालबुंद तापवलं आणि पाणी द्यायला, म्हणजे गार पाण्यात बुडवून कणखर करायला घेतलं. थोरली अडून बसली. “मी पुष्कळ सोसलंय. हिलाच बुडवा.” भागाबाईने तिचा हट्ट चालू दिला. धाकटी चर्रकन किंचाळली, पण कणखर होऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी बांबू तासताना थोरली वाकली. शरमलेल्या थोरलीला सरळ करून भागाबाईने पाणी द्यायला पुन्हा तापवलं.

धाकटी हळूच म्हणाली, “घाबरू नकोस ताई. चटका एकदाच बसतो.”