थोरल्या काकांचं नाव वर

एका गावात हेरंब नावाचा एक हुशार गृहस्थ राहत होता. लग्नपत्रिकांचा मजकूर मांडायचा संगणकाचा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला होता, आणि आसपासच्या सगळ्या छापखान्यांत तोच चाले. मात्र त्यात मदतीचं पान नव्हतं. कुणाचं काही अडलं की हेरंबला फोन. मग काय, स्वारी दिवसभर फुशारून हिंडे.

त्याची बायको मृदुला म्हणे, "अहो, ही उत्तरं प्रोग्राममध्येच घालून ठेवा की."

"मग मला कोण विचारील?" हेरंब म्हणे. त्याला खरोखरच ती धास्ती होती.

ऐन लगीनसराईत त्याचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली. नेमका तेव्हाच छापखानेवाल्या रत्नप्रभाताईंचा फोन आला. एका पत्रिकेत नवरदेवाच्या थोरल्या काकांचं नाव पुतण्यांच्याही खाली गेलं होतं, आणि कच्ची प्रत पाहून काका रुसून बसले होते.

"लग्नात पाऊल टाकणार नाही म्हणतात! हेरंबदादा, नाव वर कसं न्यायचं?"

हेरंबच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली. ताई बिचाऱ्या हॅलो हॅलो करत राहिल्या. त्याला फार वाईट वाटलं.

तो लगेच कामाला बसला. एफ-वनची कळ दाबली की मदत उघडेल अशी सोय त्याने केली आणि ताईंना पाठवली. पण आत लिहिलं काय, तर 'नामावलीचा अनुक्रम परिवर्तित करणे'! ताईंचा निरोप आला, "दादा, ही मदत समजायला आणखी एक मदत पाठवा."

मृदुला खो खो हसली. हेरंब आधी फुरंगटला, मग त्यालाही हसू फुटलं. आपली पंडिती खोडून त्याने छापखान्यातली माणसं विचारतात तसंच लिहिलं: 'थोरल्यांचं नाव वर कसं न्यायचं? नावावर क्लिक करा, धरून ठेवा, वर ओढा.' नाव वर गेलं. लग्नात काका सगळ्यांच्या पुढे मिरवले. मग बाकीच्या अडचणींची उत्तरंही हेरंबने तशीच लिहून सगळ्या छापखान्यांना पाठवली.

हेरंबचा आवाज परतला, पण फोन गप्प झाला. छापखाने सुरळीत चालले होते. तरी त्याला चुकल्याचुकल्यासारखं होई.

एके दिवशी रत्नप्रभाताई दारात उभ्या. हेरंब लगबगीने पुढे झाला. "काय अडलं, ताई?"

"अडलंय कुठं काय! एरवी अडल्यावरच तुमची आठवण काढायचो, लाज वाटते आता. मुलीचं लग्न ठरलंय. पहिली पत्रिका देवापुढे ठेवली, दुसरी तुम्हाला."

हेरंबला भरून आलं. कुणाचं काहीही अडलेलं नसताना त्याच्या दारी माणूस आलं होतं.

तात्पर्य: लोकांचं आपल्यावाचून अडू नये अशी सोय करावी. गरजेपोटी आलेला माणूस काम झालं की जातो, जिव्हाळ्याने जोडलेला पुन्हा येतो.