दम कोणात जास्त?

माळावर माणसांच्या पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. झिपरी वानरी, दौलू लांडगा आणि शेवंती पाणमांजर यांच्यात वाद पेटला, की सगळ्यांत जास्त दम कोणात? धावायचं, पोहायचं आणि झाडावर चढायचं, नि जिंकेल त्यानं उन्हाळाभर डोहाचं पाणी आधी प्यायचं, असं ठरलं.

झिपरीला वाटलं, आपण दिवसभर फांद्यांवरून उड्या मारतो, आपल्याला कोण हरवणार? पण दौलूमागं धावताना ती टेकडीच्या अलीकडेच धापा टाकत बसली. पोहताना तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हा शेवंतीनं तिला शेपटीला धरून काठावर ओढलं. मग जांभळीवर चढायची वेळ आली. दौलू पहिल्याच फांदीला उलटा लटकला, शेवंती बुंध्यालाच चिकटून राहिली. दोघांना खाली उतरवताना झिपरीचा जीव मेटाकुटीला आला.

तिघं काठावर आडवी पडली.

“ज्याची छाती कमी धडधडते तो जिंकला,” शेवंती कशीबशी म्हणाली.

झिपरीनं दौलूच्या छातीला कान लावला. केसांनी तिला गुदगुल्या झाल्या आणि ती खिदळू लागली. तिला पाहून दौलू हसला, शेवंती तर लोळायलाच लागली.

“ही धडधड तुझी की माझी?” झिपरीनं विचारलं.

“ते नंतर बघू,” दौलू म्हणाला, “आधी घसा ओला करू.”

आणि तिघांनी एकदमच डोहात तोंड घातलं.