सत्कारमूर्तीचा उजवा बूट

एकदा एका डोंगरकुशीतल्या गावात एक वृद्ध सुभेदार राहत असत. अठ्ठावीस वर्षे पलटणीत काढून ते परतले, तेव्हा गावाने त्यांचा सत्कार केला आणि मग त्यांना विसरून गेले. सत्काराचा हा मोठा गुण आहे. तो एकदा उरकला की माणूस मोकळा होतो, म्हणजे सत्कार करणारा. सुभेदारांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. शाळा सुटल्यावर त्यांच्या ओसरीवर जी मुले येत, त्यांना ते पाढे शिकवत, पळायला शिकवत आणि अधूनमधून नखे तपासत.

या मुलांत सगुणा नावाची दहा वर्षांची एक मुलगी होती. तिला प्रश्न पडत. प्रश्न पडणाऱ्या मुलांविषयी शाळांचे सर्वसाधारणपणे जे मत असते, तेच तिच्या शाळेचेही होते.

एके दिवशी ती हातात एक कागद घेऊन रडवेल्या चेहऱ्याने ओसरीवर आली. गावचा जवान आनंदा बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे काढून सुट्टीवर आला होता. रविवारी त्याचा सत्कार होता आणि शेवटचे आभारप्रदर्शन सगुणाने करायचे होते. गुरुजींनी मजकूर लिहून दिला होता : ‘आपल्या अतुलनीय शौर्याबद्दल व असीम त्यागाबद्दल आम्ही आपले शतशः ऋणी आहोत.’

“पाठ झालं का?” सुभेदारांनी विचारले.

“झालं. पण आबा, आनंदादादानं केलं काय ते मला ठाऊकच न्हाई. गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, आभार मानायला माहिती लागत नाही, आवाज लागतो.”

“मग अडलंय कुठं?”

“तो समोरच असणार की! त्यानं नुसतं बघितलं माझ्याकडं, कशाबद्दल गं म्हणून, तर मी काय सांगू? खोटे आभार मला न्हाई मानायचे.”

सुभेदारांनी चष्मा काढून ठेवला. “विचार, काय विचारायचंय ते.”

सगुणाला एवढेच हवे होते. “तिथं गेल्या गेल्या बंदूक देतात?”

“गेल्या गेल्या केस कापतात.”

“रडतात का जवान?”

“पहिल्या महिन्यात बरेच जण. सकाळी उस्ताद विचारतो, डोळे का लाल झालेत? तर सगळे म्हणतात, कांदा कापला.”

“उस्ताद म्हणजे?”

“शिकवणारा हवालदार. आईसारखाच असतो. फक्त मिशा असतात आणि शिव्या देतो.”

“आईपण देती.”

“मग फक्त मिशा.”

सगुणा हसली. हातातला कागद बाजूला ठेवून तिने विचारले, “आणि सगळ्यात आधी काय शिकवतात?”

“उभं राहायला.”

“उभं राहायला शिकवावं लागतं?”

“राहा बघू. टाचा जुळव. दोन्ही पायांवर सारखा भार. नाकावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही.”

सगुणा उभी राहिली. सुभेदार आकडे मोजू लागले. सत्तरपर्यंत ती पुतळ्यासारखी होती, ऐंशीला तिचा गुडघा थरथरला आणि नव्वदच्या आतच ती “मेले गं बाई” म्हणून ओसरीवर बसली.

“भार एका पायावर गेला,” सुभेदार म्हणाले. “उस्तादाला ते पाठीमागूनसुद्धा कळतं.”

“हे लई अवघड हाय, आबा. पण हे तर सगळेच जवान शिकतात. आनंदादादाचं त्याचं एकट्याचं काय?”

“ते मलाही ठाऊक नाही,” सुभेदारांनी सांगितले. “रविवारी त्याच्याकडे नीट बघ. मग काय बोलायचं ते ठरव.”

सत्काराची वेळ सकाळी दहाची होती, त्यामुळे तो पावणेबाराला सुरू झाला. शाळेच्या पटांगणात चैत्राचे ऊन तापले होते. ‘सत्कारमूर्तींनी बुटांसह संपूर्ण गणवेशात उपस्थित राहावे,’ असे समितीने आनंदाला लेखी कळवले होते. व्यासपीठावर नऊ खुर्च्या होत्या आणि पाहुणेही नेमके नऊच निघाले. सत्कारमूर्तीसाठी दहावी खुर्ची आणावी, असे एक जण पुटपुटला. परंतु सरपंच म्हणाले, “अहो, जवान उभाच शोभतो. पोरांना प्रेरणा मिळते.”

मग आनंदा झेंड्याशेजारी प्रेरणा देत उभा राहिला. त्याच्या अंगावर लोकरीची शाल घातली गेली. वक्त्यांनी ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ असे सांगून तो घेण्यास सुरुवात केली. तिसऱ्या वक्त्याने दूध संस्थेच्या निवडणुकीत आपण स्वतः केवढा लढा दिला, ते सविस्तर सांगितले. पहिल्या रांगेत आनंदाची आई बसली होती. लेकाकडे बघून तिचे मन भरत नव्हते.

सगुणा भाषणे ऐकत नव्हती. तिला बघायला सांगितले होते, म्हणून ती बघत होती. पाचव्या भाषणाच्या मध्यावर ती उठली आणि मागच्या बाकावर बसलेल्या सुभेदारांच्या कानाशी येऊन म्हणाली, “आबा, आनंदादादा चुकीचा उभा हाय.”

सुभेदारांनी मान उंचावून पाहिले. सगळा भार डाव्या पायावर होता. उजव्या बुटाचे पुढचे टोक जमिनीला जेमतेम लागत होते. चेहऱ्यावर मात्र काहीच दिसत नव्हते. चेहऱ्यावर काही न दिसण्याचे शिक्षण चांगले झाले होते.

सुभेदार काठी टेकत व्यासपीठावर चढले. प्रमुख पाहुणे बोलायला उठल्यामुळे त्यांची खुर्ची रिकामी होती. सुभेदारांनी ती ओढत आनंदाच्या मागे आणून ठेवली.

“बस.”

“नको, साहेब. बरा हाय मी.”

“जवान, बैठ जाओ!”

हा आवाज गावाने पूर्वी कधी ऐकला नव्हता. आनंदा विचार करण्यापूर्वीच बसला. प्रमुख पाहुणेही बसणार होते, पण खुर्ची नसल्याचे त्यांच्या वेळीच लक्षात आले. मग ऐंशी वर्षांचे सुभेदार, ज्यांच्या पाया गावातली तरणी मुले पडत, गुडघे मोडून खाली बसले आणि तिशीच्या आतल्या आनंदाच्या उजव्या बुटाची नाडी सोडू लागले.

पटांगणात कुजबुज उठली. “म्हातारा चळला,” कोणीतरी म्हणाले. सरपंच धावले. “आबा, अहो, हे उलटं होतंय! त्यानं तुमच्या पायाला हात लावायचा!”

सुभेदारांनी बूट उतरवला, मग दोन मोजे उतरवले. आत पट्टी होती आणि ती ओली झाली होती. पायाच्या दोन बोटांच्या जागी काहीच नव्हते.

“डॉक्टरांनी बूट घालायला सांगितलं होतं?”

“नाही, साहेब. चप्पल.”

“सगुणे,” सुभेदार म्हणाले, “त्या शालीची घडी कर आणि टाचेखाली दे.”

सत्काराची शाल पायाखाली जाताना पाहून दोन-तीन पाहुण्यांनी डोळे मिटले. त्या गावात सत्काराच्या शालीचा उपयोग झाल्याची ती पहिलीच वेळ असावी.

सगुणाने घडी केली, ठेवली आणि हळूच विचारले, “आबा, पाय दुखतोय हे तुम्हांला बूट काढायच्या आधीच कसं कळलं?”

सुभेदार तिला उद्देशून बोलले, पण ध्वनिक्षेपक चालू असल्यामुळे ते सर्वांनाच ऐकू गेले.

“पहिल्या लांब चालीहून आम्ही छावणीत परतलो, तेव्हा पाठीवर ओझं होतं आणि चाळीस किलोमीटर पायांखाली गेले होते. वाटलं, आता उस्ताद शाबासकी देईल. त्यानं आम्हांला बूट काढायला लावले आणि स्वतः मातीत बसून एकेकाचा पाय मांडीवर घेऊन पाहिला. मला लाज वाटली. म्हणालो, उस्ताद, माझे पाय ठीक आहेत. तो म्हणाला, सगळे हेच म्हणतात, म्हणून तर बघावं लागतं. बाळ, जवानाला आम्ही पुष्कळ काही शिकवतो. त्यात दुखतंय असं म्हणायचं नाही, हेही शिकवतो. त्याशिवाय त्याचं काम होत नाही. पण मग ते विचारायचं काम कोणाचं? तिथं ते उस्ताद करतो. इथं ते आपलं आहे.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गुरुजींना शिस्त ठाऊक होती. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवर बोट ठेवून सगुणाला खूण केली : आभारप्रदर्शन.

सगुणा कागद घेऊन ध्वनिक्षेपकाकडे निघाली आणि वाटेत थांबली. मग ती आनंदाच्या पायाशी उकिडवी बसली.

“दादा, लई दुखतंय का?”

“न्हाई गं...” सवयीने तो म्हणाला आणि अडखळला. मग खाली मान घालून म्हणाला, “व्हय. लई दुखतं.”

“कसं झालं?”

“पहाऱ्यावर होतो. बदलीचा माणूस यायचा होता, पण बर्फाच्या वादळात वाट बंद झाली. दोन दिवस कुणी आलं न्हाई. जागा सोडायची नव्हती. बोटं गोठली.”

“कंच्या दिवशी?”

“संक्रातीनंतरचा सोमवार, मंगळवार.”

सगुणा आठवू लागली. “त्या सोमवारी आमच्याकडं दोडक्याची भाजी होती,” ती म्हणाली. “मी रुसून जेवले न्हवते.” मग तिने आनंदाकडे पाहिले. “मला ठाऊकच न्हवतं, दादा.”

आनंदाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात त्याची आई पायऱ्या चढून वर आली. “घरातबी मोजं काढंना, तर पडसं झालंय म्हणून सांगितलंस व्हय रं मेल्या मला!” असे म्हणून तिने त्याच्या खांद्यावर एक चापट मारली, आणि मग खाली बसून तो पाय मांडीवर घेतला.

उरलेली चार भाषणे झाली नाहीत. गावाने ते दुःख पचवले.

समितीच्या चिटणिसांनी इतिवृत्तात नोंद केली : ‘सत्कारमूर्तींची प्रकृती बरी नसल्याचे निदर्शनास आल्याने आभारप्रदर्शन होऊ शकले नाही.’ इतिवृत्तांत अशा चुका राहून जातात. आपल्या गावात कोणी जवान सुट्टीवर आला, तर हार नंतर आणावा. प्रथम त्याला बसायला सांगावे.